आटणीत जाण्याआधी: दुकानाचं नाव असलेली जुनी सोन्याची घड्याळं कशी जमवायची

आमच्या घरी तंबाखूची एक चपटी पितळी डबी आहे. तिच्यात तंबाखू नाही, आजोबांच्या मनगटी घड्याळाची मशीन आणि तबकडी आहे. उरलेलं घड्याळ, म्हणजे सोन्याचं घर (मशीनभोवतीचं बाहेरचं कवच), बहात्तरच्या दुष्काळात मोडलं. त्या वर्षी शेतात जोंधळा नव्हता आणि आत्याचं लग्न ठरलेलं होतं. सराफानं घर उघडलं, मशीन बाजूला काढली, नुसतं सोनं तराजूत टाकलं आणि राहिलेलं कागदाच्या पुडीत बांधून आजीच्या हातात ठेवलं. "हे तुमचं तुम्हाला, बाई."

त्या तबकडीवर बाराच्या आकड्याखाली दोन ओळी आहेत. वरची 'वेस्ट एंड वॉच कंपनी', आणि तिच्याखाली केसाएवढ्या बारीक अक्षरांत 'बॉम्बे–कलकत्ता'. ही दुसरी ओळ मी चाळिशीत, दुसऱ्याच्या भिंगातून, पहिल्यांदा वाचली आणि तिथून नाद लागला. अकरा वर्षांत सात घड्याळं जमली. चार वेळा फसलो, त्यातल्या दोनदा चांगलाच. तुमच्या घरात असं काही निघालं असेल, किंवा सराफ्यात एखादं बघून हात शिवशिवले असतील, तर पुढचं वाचून मग खिशात हात घाला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. या घड्याळांत सोन्याला जी किंमत आहे ती कुठलाही सराफ दोन मिनिटांत सांगतो. ती वजा केल्यावर जे उरतं, तेच आपण विकत घेत असतो, आणि ते बहुतेक वेळा तबकडीवरच्या शाईच्या एका ओळीत असतं.

घड्याळावर दुकानाचं नाव का, हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर सोपं आहे. स्वित्झर्लंडच्या डोंगरातल्या कारखान्याचं नाव इथं कोणाला माहीत होतं? गिऱ्हाईक ओळखायचं ते मुंबईच्या पेढीला. बिघडलं तर तिच्याकडेच जायचं, हमीही तिचीच. म्हणून कारखाना घड्याळ बनवी आणि तबकडीवर विकणाऱ्याचं नाव छापून देई, कधी स्वतःच्या नावाखाली, कधी स्वतःचं नाव गाळूनही. दोन्ही नावं असली की हौशी मंडळी त्याला डबल नावाचं घड्याळ म्हणतात.

## १. काय जमवायचं ते ठरवा

सगळंच जमवायला निघालात तर वर्षाभरात दमाल. माझ्या मते या विषयात तीन कप्पे आहेत.

पहिला कप्पा परदेशातल्या घराणेशाही दुकानांचा. झुरिकचं बायर १७६०पासून एकाच घराण्याकडे आहे, त्यांनी दुकानाच्या तळघरात १९७१मध्ये घड्याळांचं संग्रहालयही काढलं. ल्युसर्नचं ग्युबेलिन १८५४चं, झुरिकचंच ट्युर्लर १८८३चं. व्हेनेझुएलाच्या कॅराकसमधल्या 'सेर्पिको इ लाइनो'चं नाव रोलेक्स आणि पटेक फिलिपच्या सोन्याच्या घड्याळांवर सापडतं. ही घड्याळं लिलावात जातात, पटेकवर अशी ओळ असली तर किंमत कुठल्या कुठे जाते, आणि म्हणूनच खोट्या ओळी सर्वांत जास्त याच कप्प्यात आहेत. आपल्या खिशाचा आणि आपल्या डोळ्याचा हा कप्पा नव्हे. निदान पहिली पाच वर्षं तरी नव्हे.

दुसरा कप्पा हिंदुस्थानातल्या पेढ्यांचा. फेवर-ल्यूबा मूळ स्वित्झर्लंडमधल्या ले लोक्लचं, सुरुवात १७३७, पिढ्यान्‌पिढ्या एकाच घराण्यानं चालवलेलं. एकोणिसाव्या शतकातच त्या घराण्यानं मुंबई गाठली आणि पुढे शंभरएक वर्षं इथल्या मध्यमवर्गाच्या मनगटावर राज्य केलं. ते घड्याळ बनवतही आणि इथं दुसऱ्या स्विस कारखान्यांचं विकतही. वेस्ट एंड १८८६पासून मुंबईत. त्यांच्या 'सोवार', 'क्वीन ॲन', 'मॅचलेस' अशा नावांच्या मालिका, आणि आतल्या कित्येक मशिनी लाँजिन या स्विस कारखान्याच्या. मद्रासचे पी. ऑर अँड सन्स, कलकत्त्याचे कुक अँड केल्व्ही यांचीही नावं तबकड्यांवर मिळतात.

तिसरा कप्पा माझा आवडता आहे, पण त्यावर कोणी लिहीत नाही: आपल्याच भागात विकलेली, आपल्याच भागात वापरलेली घड्याळं, कागदांसकट. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथले देशमुख, वकील, अडत्ये हैदराबादला कामानिमित्त जात आणि येताना घड्याळ आणत. अशा घड्याळाला लिलावात कोणी विचारणार नाही. मला विचाराल तर तेच घ्या.

नवख्यानं दुसऱ्या कप्प्यापासून सुरुवात करावी.

## २. सामान आणि कागद

फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजीचं चालेल, जवाहिऱ्याचं जास्त बरं. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर, जांभळा प्रकाश टाकणारी छोटी टॉर्च (नोटा तपासायची असते ती), मऊ पांढरा कपडा, एक वही. झाकण उघडायची हत्यारं मुद्दाम लिहिली नाहीत. पहिली दोन वर्षं झाकण स्वतः उघडायचंच नाही. चाकूच्या टोकानं उघडलेल्या झाकणांचे ओरखडे मी इतके बघितलेत की आता स्वयंपाकघरातला चाकूसुद्धा बघवत नाही.

घेताना मागायचे आणि नंतर जपायचे कागद:

- विक्रेत्याची सही असलेली पावती. तिच्यावर मशीनचा आणि घराचा क्रमांक लिहून घ्या
- विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत, व्यक्तीकडून घेत असाल तर
- मूळ बिल, हमीपत्र, डबी, असतील तर
- वारशानं आलं असेल तर घरातल्या मोठ्यांनी कोणाचं, कुठून आलं ते लिहून दिलेला साधा कागद, तारीख-सहीसह
- घेतलेल्या दिवशीचे फोटो: तबकडी, बाजू, मागचं झाकण आतून-बाहेरून, मशीन

शेवटून दुसरा कागद हास्यास्पद वाटेल. पण १९६२च्या सीमाशुल्क कायद्याच्या १२३व्या कलमात सोनं आणि घड्याळं या दोन्हींची नावं आहेत. तस्करीच्या संशयावरून माल पकडला गेला, तर तो तस्करीचा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येते. आपलं घड्याळ एकाच वेळी सोनंही आहे आणि घड्याळही. तेव्हा आजोबांची एक चिठ्ठी किती कामाची, ते समजून घ्या.

## ३. शोध कुठे घ्यायचा

पहिला नंबर म्हाताऱ्या घड्याळजींचा. दुकान म्हणजे चार फुटी टपरी, समोर काचेचं कपाट, आत बिस्किटाचे पत्र्याचे डबे. त्या डब्यांतच खरा माल असतो: न नेलेली घड्याळं, सुट्या तबकड्या, सोन्याचं घर आटलेल्या मशिनी. नांदेडात एक चाचा आहेत. त्यांच्याकडे मी पहिलं वर्षभर नुसता चहा प्यायला जात होतो. तेराव्या महिन्यात त्यांनी स्वतःहून एक डबा पुढे सरकवला. "देखो मियाँ, इसमें तुम्हारे काम का कचरा है." घाई करणाऱ्याला चाचा एचएमटी दाखवतात.

दुसरा नंबर सराफांचा. छत्रपती संभाजीनगरचा सराफा, लातूरच्या गंजगोलाईभोवतीच्या पेठा, जालना, परभणी, बीड, प्रत्येक ठिकाणी मोडीचं सोनं घेणारी जुनी दुकानं आहेत. तिथं जाऊन "जुनं घड्याळ आहे का" असं विचारायचं नसतं. असं विचारलंत की भाव दुप्पट. "काका, मोडीत घड्याळ आलं तर आटवण्याआधी मला एक फोन करा, सोन्याच्या भावावर वर काही देईन," एवढं सांगून नंबर ठेवायचा. दहातले आठ विसरतात. उरलेल्या दोघांनी मला तीन घड्याळं दिली.

छत्रपती संभाजीनगरचा जाफर गेटचा रविवारचा बाजार, मुंबईचा चोर बाजार, हैदराबादचे जुने बाजार, हे डोळा तयार करायला उत्तम आहेत. विकत घ्यायला नव्हे. तिथं सोन्याचं घड्याळ उघड्यावर मांडलेलं दिसलं तर ते सोन्याचं नाही, इतकं साधं गणित आहे.

जुन्या वाड्यांबद्दल बोलायला थोडा संकोच वाटतो. माझ्या ओळखीतले काही जण मयताच्या तेराव्यालाच जाऊन पोचतात. तसं करू नका. घरातल्या सगळ्या वारसांना माहीत असल्याशिवाय घेऊ नका. एका भावाकडून घेतलेलं घड्याळ दुसऱ्या भावाच्या वकिलाला परत द्यावं लागतं, हा अनुभव मला फुकट मिळालेला नाही.

## ४. सोनं खरं का ते बघा

इथं मी पहिल्यांदा आपटलो. एक नाजूक चौकोनी घड्याळ होतं, मागच्या झाकणात आतून डेनिसन या घरं बनवणाऱ्या इंग्रज कंपनीचा शिक्का, त्याखाली इंग्रजीत 'दहा वर्षं टिकण्याची हमी' अशा अर्थाची ओळ. मला वाटलं, बघा, काय पेढी होती, दहा वर्षांची गॅरंटी! अठरा हजार मोजले. घरी येऊन घड्याळाच्या कानाच्या (पट्टा जिथं अडकतो त्या टोकाच्या) आतल्या बाजूला भिंग लावलं, तर सोन्याखालून पिवळट राखाडी धातू डोकावत होता. ती हमी घड्याळाची नव्हतीच. वरचा सोन्याचा पत्रा दहा वर्षं झिजणार नाही, एवढीच होती. घरावर वर्षांची हमी दिसली की समजा, भरीव सोनं नाही, पत्रा चढवलेला आहे.

खऱ्या सोन्याच्या खुणा अशा. स्विस बनावटीच्या १८ कॅरेटच्या घरात स्त्रीच्या मस्तकाची छोटी मुद्रा आणि ०.७५०. १४ कॅरेटला खारीची मुद्रा आणि ०.५८५. या दोन्ही मुद्रा १९९५पर्यंत चालल्या, त्यानंतर कुत्र्याचं डोकं आलं. म्हणजे १९५०चं म्हणून दाखवलेल्या घड्याळात कुत्रा दिसला तर चहा पिऊन उठा. बर्मिंगहॅममध्ये तपासलेल्या घरावर नांगर असतो. इंग्लंडमधून आलेल्या बऱ्याच घड्याळांची घरं ९ कॅरेटची, ३७५ आकड्याची असतात. आपल्याकडे लोक ९ कॅरेटला नाक मुरडतात, पण घड्याळासाठी ते टिकाऊ आहे. जिनिव्हाच्या घरावर चावीच्या आकारात एक आकडा असतो, ती घर बनवणाऱ्या कारागिराची खूण.

'प्लाके', 'रोल्ड गोल्ड', 'मायक्रॉन' यातला कुठलाही शब्द दिसला, किंवा मागचं झाकण स्टीलचं असल्याचं लिहिलेलं असलं, की तो मुलामा किंवा पत्रा. इथं मिळणाऱ्या 'सोन्याच्या' फेवर-ल्यूबांतले बहुतेक असेच. घड्याळ म्हणून ते सुंदरच आहेत, फक्त सोन्याच्या भावानं घेऊ नका.

सराफाकडच्या कॅरेट मशीनवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ती वरवरचा थर वाचते, जाड पत्रा असला तर १८ कॅरेट दाखवून मोकळी होते. सराफाला सांगा, कानाच्या टोकावर आणि झाकणाच्या आतल्या काठावर, जिथं झीज आहे तिथं धरा. कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. झाकणावर उमटलेली ती रेघ नंतर जात नाही.

हॉलमार्कबद्दल रोज कोणीतरी विचारतं. दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला तेव्हा घड्याळांना त्यातून वगळलं आहे. जुन्या घड्याळावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरी क्रमांक, नसणारच. असला, तर कोणी नवीन घर बनवलंय का ते आधी विचारा.

वजनाचा हिशेब स्वतः शिकून घ्या. पट्टा काढून पूर्ण घड्याळ तोलायचं आणि त्याला भावानं गुणायचं, ही घोडचूक. आत मशीन, तबकडी, काच, पोलादी दांडी आहे. रिकामं घर १२ ग्रॅम भरलं आणि ते १८ कॅरेट असलं, तर शुद्ध सोनं ९ ग्रॅम. तोळाभरही नाही.

## ५. तबकडी: इथं घाई नको

आता मुख्य काम. निम्मा वेळ इथं घालवा.

जुन्या तबकड्या मुंबईत पुन्हा रंगवून, पुन्हा छापून विकायचा धंदा कित्येक वर्षं चालला आहे. त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. सगळ्याच भडक नसतात. पांढऱ्या-मोतिया तबकडीवर काळी सोज्वळ अक्षरं छापून दिलेली मीही घेतली आहे.

भिंग लावून पहिल्यांदा अक्षरांच्या कडा बघा. मूळ छपाईत कडा धारदार असतात आणि शाई किंचित उठावदार दिसते. नव्या छपाईत अक्षरं सुजल्यासारखी, दोन अक्षरांतली अंतरं कमीजास्त. मग कारखान्याच्या नावाच्या आणि दुकानाच्या नावाच्या अक्षरांची जाडी ताडून बघा. पेढीचं नाव बहुधा बारीक असतं. दोन्ही एकाच जाडीची, एकाच वळणाची दिसली तर पाल चुकचुकली पाहिजे. सहाच्या खाली 'स्विस' किंवा 'स्विस मेड' असतं, ते इतकं काठाला असतं की रंगवणारे विसरतात किंवा वर ओढतात. मिनिटांच्या रेघा आकड्यांच्या बरोबर समोर येतात का? सेकंदाच्या छोट्या वर्तुळाच्या मधोमध काट्याची खिट्टी आहे का? तबकडीच्या काठाला बारीक खाच आहे का? रंगवणारे ती दिशा लक्षात राहावी म्हणून पाडतात.

हे झालं पूर्ण रंगवलेल्या तबकडीचं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे तबकडी मूळची, पण दुकानाचं नाव नंतर चढवलेलं. त्यासाठी मला चाचांनी दाखवलेली एक युक्ती पुरते. नावाच्या आसपास एखादा जुना ओरखडा, डाग किंवा तडा शोधा, अक्षरापर्यंत जाणारा. ओरखड्यानं अक्षर कापलं असेल तर अक्षर आधीचं. अक्षराची शाई ओरखड्यात उतरलेली असेल, तर आधी ओरखडा पडला आणि मग नाव आलं. शंभरातली नव्वद वेळा इथंच निकाल लागतो. खोलीत अंधार करून जांभळी टॉर्चही मारा. नावाभोवती लाखेचा थर वेगळा चमकला तर तिथं कोणाचातरी हात लागलेला आहे.

आणि कृपा करून तबकडी धुऊ देऊ नका. एका शहरातल्या, नाव मोठं असलेल्या दुकानात मी एक घड्याळ साफसफाईला दिलं होतं. परत आलं तेव्हा तबकडी आरशासारखी लख्ख, आणि मुंबईच्या पेढीची बारीक ओळ गायब. "साहेब, डाग होता, काढला," असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. त्या डागापायी मी ते घड्याळ घेतलं होतं. आता देताना चिठ्ठीवर लाल शाईनं लिहितो: तबकडीला हात लावू नये.

ज्या जुन्या तबकड्यांवर अंधारात दिसणारा रंग असतो, त्यात बऱ्याचदा रेडियम असतं. खरवडू नका, फुंकू नका. सोन्याच्या साध्या घड्याळांत असा रंग कमी आढळतो.

## ६. झाकण उघडून घ्या

विक्रेता झाकण उघडू देत नसेल तर सौदा संपला. घड्याळजीला सोबत न्या, त्याचे दोनशे-पाचशे रुपये आनंदानं द्या.

आत तीन गोष्टी बघा. मशीनवर नाव कोणाचं आहे आणि ते तबकडीशी जुळतं का. मशीन घरात नीट बसते का, की मध्ये पत्र्याची कडी घालून बसवली आहे. आणि घराचा क्रमांक. आटलेल्या घरांमुळे आपल्याकडे सुट्या मशिनी भरपूर, त्यामुळे याची मशीन, त्याचं घर, तिसऱ्याची तबकडी अशी जोडघड्याळं पुष्कळ बनली. चालतात छान. फक्त जमवण्याच्या कामाची नाहीत.

झाकणाच्या आत सुईनं कोरलेले बारीक आकडे दिसतील. ते खराब केलेलं नव्हे. घड्याळजी दुरुस्तीची तारीख आणि स्वतःची खूण तिथं कोरत. माझ्याकडच्या एका झाकणात सात तारखा आहेत, पहिली १९५१ची, शेवटची १९७८ची, आणि त्यातल्या चार एकाच हातच्या, नऊचा आकडा उलटा काढणाऱ्या. ते घड्याळ सत्तावीस वर्षं कोणीतरी नेमानं वापरलं, हे मला कुठल्याच बिलानं सांगितलं नसतं. झाकण पॉलिश करून या तारखा पुसू नका.

क्रमांक मिळाले की कारखान्याला विचारता येतं. लाँजिनच्या जुन्या नोंदवह्या सेंट-इमियेला जपलेल्या आहेत. मशीनच्या क्रमांकावरून घड्याळ कोणत्या तारखेला कोणत्या देशातल्या कोणत्या वितरकाच्या नावे बिल झालं, हे बहुतेक वेळा कळतं. आपल्या कामासाठी यापेक्षा मोलाचा कागद नाही. पटेक फिलिपही जुन्या घड्याळांचा उतारा पैसे घेऊन देतं, त्यात बनवल्याची आणि विकल्याची तारीख मिळते. पण दुकानाच्या नावाची खात्री त्यातून होईलच असं नाही. "उतारा आहे, म्हणजे नावही खरं" असं सांगणाऱ्यापासून सावध राहा.

## ७. गोष्ट ऐका, पण कागद वाचा

मराठवाड्यातल्या प्रत्येक जुन्या सोन्याच्या घड्याळामागे एक निजाम असतो. "आमच्या पणजोबांना खुद्द निजामानं बक्षीस दिलं." मी आतापर्यंत नऊ अशी घड्याळं ऐकली. त्यातलं एक १९६०नंतरच्या मशीनचं निघालं. ऐकताना मान डोलवा, चहा घ्या, पैसे मात्र फक्त घड्याळाचे द्या.

कागद निघाला तर मात्र सावकाश वाचा. जुनी बिलं उर्दूत असतात, घरातल्या किंवा गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्याकडून वाचून घ्या. साल बऱ्याचदा फसली, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या कालगणनेचं, असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण येतो. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. रक्कम 'हाली' आहे की 'कलदार' ते बघा. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा, आणि सात हालीला सहा कलदार असा हिशेब होता. बिलावर हाली असेल तर खरेदी संस्थानातल्या दुकानात झाली असण्याचा संभव मोठा. हाली रकमेचं बिल आणि घड्याळाची मशीन १९५५नंतरची, अशी जोडी मला एकानं दाखवली होती. बिल खरं होतं. ते दुसऱ्याच घड्याळाचं होतं.

## ८. भाव आणि व्यवहार

आधी सोन्याचा हिशेब मनात करा, ती तुमची तळाची रेघ. त्याच्यावर किती, हे तबकडीवर ठरवा. तबकडी रंगवलेली असेल तर मी सोन्याच्या वर जवळपास काहीच देत नाही. तबकडी आणि नाव मूळचं, मशीन जुळणारी असेल तर सोन्याच्या दुपटीपर्यंत जाताना मला वाईट वाटत नाही. सोन्याचा भाव चढला की सौदे अवघड होतात, कारण विकणाऱ्याला फक्त तराजू दिसतो. अशाच दिवसांत सर्वांत जास्त घरं आटतात, म्हणून फोन चालू ठेवा.

दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घ्यायला आयकर कायद्यानं मनाई आहे. बँकेतूनच द्या, तीच तुमची दुसरी पावती. परदेशातून मागवायचं असेल तर आधी सीमाशुल्काचा हिशेब जाणकाराकडून करून घ्या. "गिफ्ट म्हणून पाठवतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. आणि १९२०च्या दशकातली मनगटी घड्याळं आता एकेक करून शंभरी ओलांडत आहेत. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि ती खासगी माणसाला परदेशी नेता येत नाही. विदेशातल्या भाच्याकडे पाठवायचा विचार असेल तर हे आधी बघा.

## ९. सांभाळ

चावीचं घड्याळ आठवड्यातून एकदा भरून चालू द्या, रोज एकाच वेळी भरायचं पुस्तकी बंधन मी पाळत नाही. दर चार-पाच वर्षांनी तेलपाणी. आपल्याकडचा मे महिना बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेव्हा गाडीच्या डॅशबोर्डवर किंवा पत्र्याच्या कपाटात घड्याळ ठेवू नका, तेल पातळ होऊन पसरतं. पावसाळ्यात डबीत सिलिकाची पुडी टाका. सोन्याच्या घराला पॉलिश नाही म्हणजे नाही. कानांच्या कडा एकदा गोल झाल्या की परत येत नाहीत, आणि मुद्राही पुसटतात.

लॉकरमध्ये ठेवत असाल तर प्रत्येक डबीत एक चिठ्ठी घाला: घड्याळ कोणाचं, कुठून आलं, क्रमांक काय, आपल्या पश्चात कोणाला विचारायचं. माझ्या चिठ्ठ्यांवर सर्वांत वर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'मोडीत घालू नये.' परवा आत्या आली होती, ब्याऐंशीच्या घरात आहे आता. तिला चष्मा लावून एक चिठ्ठी वाचायला दिली. तिनं वाचली, डबी हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाली, "आन् दुष्काळ पडला तर रे?"

तिच्यासमोरच पेन काढून खाली एक ओळ वाढवली: 'मोडायचंच झालं तर तबकडी आणि मशीन मागून घ्यावी.' आता ती सातही डब्यांत आहे.